धाराशिवच्या बायांनी जगाला दिलेली तपासणी धाराशिवला कधी मिळणार?

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
तसेच जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, धाराशिव व सोलापूर

विषय: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही तपासणी ग्रामीण रुग्णालयांत सुरू करण्याबाबत

स. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम खुलं लिहिते आहे. पाकिटात घालून दिलेल्या पत्राला आवक क्रमांक मिळतो आणि बहुतेक वेळा तेवढंच मिळतं. शिवाय यातला मजकूर आपल्याइतकाच आमच्या गावांतल्या बायांसाठीही आहे. त्यांच्या जिवावर झालेल्या अभ्यासाचा निकाल त्यांना कोणी बसून मराठीत सांगितलेला मी तरी पाहिला नाही.

मी आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. उपकेंद्र, लसीकरण, बाळंतपणं, नसबंदीची शिबिरं यांत नोकरी गेली. ज्या अभ्यासाबद्दल लिहिते आहे त्यात मी कामाला नव्हते, त्यामुळे त्याची बाजू घेण्याचं मला कारण नाही.

ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा हा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ धडधाकट बाया त्यात आल्या. कोणत्या गावांना काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. एका भागातल्या बायांची हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, दुसऱ्या भागात पॅप, म्हणजे पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, तिसऱ्या भागात व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघणं. चौथ्या भागात तपासणी नव्हती. तिथे आजाराची माहिती आणि नेहमीची सरकारी सेवा, एवढंच. जिची तपासणी झाली तिची आयुष्यात एकदाच झाली. काही दोष आढळला तर उपचार. मग आठ वर्षं नोंदी ठेवल्या.

एप्रिल २००९ मध्ये निकाल छापून आला. तपासणी न झालेल्या भागात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ६४ बाया गेल्या होत्या. एचपीव्ही तपासणीच्या भागात ३४. एचपीव्हीच्या भागात बाया साडेचौतीस हजारांच्या आत, तर तपासणी नसलेल्या भागात साडेएकतीस हजारांच्या आत. म्हणजे जास्त बाया असूनही मृत्यू जवळपास निम्मे. दुसऱ्या टप्प्यातला किंवा त्यापुढचा, म्हणजे हाताबाहेर चाललेला कॅन्सर तपासणी नसलेल्या भागात ८२ जणींना, एचपीव्हीच्या भागात ३९ जणींना. पॅप आणि व्हिनेगरच्या भागांत मात्र मृत्यू ठोस म्हणावेत इतके कमी झाले नाहीत. एकदा केलेल्या एका तपासणीने हा फरक पडला.

त्या निकालातला दुसरा एक आकडा मला याहून मोलाचा वाटतो. ज्यांची तपासणी ‘काही नाही’ अशी आली, त्यांचं पुढे काय झालं? एचपीव्ही नाही असं निघालेल्या दर एक लाख बायांमागे वर्षाला ३.७ जणींना कॅन्सर झाला. पॅपमध्ये ‘काही नाही’ निघालेल्यांत हेच प्रमाण १५.५ आणि व्हिनेगरच्या तपासणीत १६. म्हणजे ‘बाई, काळजी करू नका, घरी जा’ हे वाक्य एचपीव्ही तपासणीनंतर जितक्या खात्रीने म्हणता येतं, तितकं बाकी दोन्हींनंतर येत नाही.

त्या ६४ जणींवरून पुढे वैद्यकीय नीतीच्या वर्तुळात खडाजंगी झाली. तपासणीने हा आजार आटोक्यात येतो हे पॅपमुळे जगाला आधीच ठाऊक होतं, मग इतक्या बायांना तपासणीविना ठेवलंच कसं, असा एक पक्ष. जिल्ह्यात तेव्हा कोणालाच तपासणी मिळत नव्हती, त्यामुळे कोणाकडून काही हिरावलं नाही, असा दुसरा. हा वाद मी मिटवू शकत नाही. पण दुसरा पक्ष उभा राहतो तो एकाच अटीवर: निकाल लागल्यावर तपासणी सगळ्यात आधी इथल्या बायांच्या दारात यायला हवी. ती अट पाळायची जबाबदारी संशोधकांची नव्हती, शासनाची होती.

जगाने मात्र निकाल उचलला. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२१ मध्ये सगळ्या देशांना सांगितलं की तिशीनंतर पहिली तपासणी एचपीव्हीचीच करा, दर पाच ते दहा वर्षांनी करा. एचआयव्ही असलेल्या बाईची पंचविशीपासून आणि दर तीन ते पाच वर्षांनी. २०३० पर्यंत १०० पैकी ७० बायांची तपासणी ३५ व्या आणि ४५ व्या वर्षी व्हावी, असं उद्दिष्टही ठेवलं. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायांना विचारलं, कधी तरी ही तपासणी केलीत का? देशभरात होकार देणाऱ्या १.९ टक्के निघाल्या. १०० मध्ये दोनही भरत नाहीत. आणि देशात दर वर्षी सुमारे सव्वा लाख बायांना हा कॅन्सर होतो, ८० हजारांच्या आसपास जातात.

आता आमच्या बायांसाठी थोडं.

एचपीव्ही हा विषाणू शरीरसंबंधातून, कातडीला कातडी लागून पसरतो. ज्यांचा कधी तरी शरीरसंबंध आला आहे अशा बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात केव्हा तरी लागतोच. ना खाज, ना दुखणं, ना ताप. दहापैकी नऊ जणींचं शरीर तो वर्ष-दोन वर्षांत आपणच हटवतं. काहींच्या अंगात तो ठाण मांडून बसतो आणि गर्भाशयाच्या तोंडाशी पेशी हळूहळू बिघडवत जातो. हे काम इतकं सावकाश चालतं की कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्हीवर उपचार सुरू नसतील तर पाच ते दहा. म्हणून तर तपासणीला अर्थ आहे. इतका मोठा अवधी देणारे कॅन्सर थोडे.

उस्मानाबादच्या अभ्यासात ज्यांची एचपीव्ही तपासणी झाली त्यांतल्या सुमारे दहा टक्के बायांत विषाणू सापडला. सापडला म्हणजे कॅन्सर नव्हे. पुढची तपासणी करायची, पेशी बिघडलेल्या दिसल्या तर तो भाग थंडीने किंवा उष्णतेने मारून टाकायचा. उष्णतेचं यंत्र हातात मावतं, बॅटरीवर चालतं, भूल लागत नाही, काम मिनिटभरात होतं. गर्भाशयाची पिशवी काढायचा प्रश्नच येत नाही.

आणि हे तर ठळक सांगायला हवं. तपासणीत विषाणू निघाला याचा अर्थ बाई ‘तसली’ आहे असा नाही, आणि नवरा आत्ता कुठे बाहेर गेला होता असाही नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी लागलेला विषाणू चाळिशीत सापडू शकतो. तो कोणाकडून आला हे सांगणारी तपासणी जगात नाही. निकालाचा कागद घरात भांडणाचं कारण होणार असेल तर बाया तपासणीला येणारच नाहीत, म्हणून निकाल सांगणारीला हे वाक्य पाठ असलं पाहिजे. शिबिरात माईकवरून नाव पुकारून निकाल दिलेले मी पाहिले आहेत. असली घाई नको.

सध्या आपल्या कागदावर जी तपासणी आहे ती व्हिनेगरची. केंद्राच्या २०१६ च्या कार्यपद्धतीत ३० ते ६५ वयासाठी, पाच वर्षांतून एकदा. ती उपकेंद्रात कशी होते ते ज्यांनी टिपणी लिहिली त्यांनी एकदा येऊन पाहावं. टेबलाला पडदा असतो, पण तो अर्ध्या खोलीचा. पलीकडे बाळांच्या लसी चाललेल्या. बाई लुगड्याचा बोळा करून मांड्यांवर घट्ट धरते. स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरणारं साधन, घातल्यावर पाच टक्क्यांच्या ॲसेटिक ॲसिडमध्ये भिजवलेला कापूस गर्भाशयाच्या तोंडाला लावायचा आणि पुरता एक मिनिट थांबायचं. ते मिनिट मोठं असतं. बाई विचारते, झालं का सिस्टर? मग बॅटरीच्या उजेडात बघायचं की कुठे दाट पांढरा, काठ स्पष्ट असलेला डाग उमटला का. सूज असली तरी पांढुरकं दिसतं. नुसता चिकट स्राव असला तरी दिसतं. वीज गेलेली असली तर जे दिसतं ते मोबाईलच्या उजेडात. पन्नाशीनंतर तर बघायची जागाच आत सरकते, डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे ज्या वयात धोका खरा त्या वयात ही तपासणी लंगडी पडते.

तिला मोडीत काढा असं मी म्हणत नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने दहावी झालेल्या मुलींना शिकवून दर दोन वर्षांनी, चार वेळा हीच तपासणी केली आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तिथल्याच डॉ. सुरेंद्र शास्त्रींनी ते २०१३ मध्ये जगापुढे मांडलं. पण तिथे त्या मुलींचं तेच एक काम होतं, शिकवणं पक्कं होतं आणि वरून सतत पडताळणी होती. आमच्या सिस्टरकडे लसीकरण आहे, गरोदर मातांची नोंद आहे, मोबाईलमधली ॲप्स आहेत आणि त्यातून वेळ उरलाच तर गर्भाशयाचं तोंड बघायचं आहे. डोळ्यावर बेतलेली तपासणी डोळ्याच्या सरावावर चालते. सराव नसेल तर रजिस्टरचा रकाना भरतो, एवढंच.

एचपीव्हीच्या तपासणीत डोळ्याचा प्रश्न उरत नाही. योनीतून मऊ ब्रशने नमुना घ्यायचा आणि नळीत घालायचा, पुढचं यंत्र करतं. नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो. कोणापुढे पाय फाकून झोपायला नको, पडदा नको, स्पेक्युलम नको. स्वतः घेतलेला नमुना चांगल्या पद्धतीच्या चाचणीत सिस्टरने घेतलेल्या नमुन्याइतकाच खात्रीचा ठरतो हे अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची त्याला मान्यता आहे. ज्या बाईने चार बाळंतपणांखेरीज कधी कोणाला तिथे हात लावू दिला नाही, तिच्यासाठी याचं मोल काय ते आमच्या आशाताईंना विचारा.

यंत्र कुठून आणायचं, असं आपण विचाराल. ते बऱ्याच ठिकाणी आलेलं आहे. क्षयरोगाच्या खोलीत ट्रूनॅट नावाचं जे छोटं यंत्र आहे, जे बॅटरीवर चालतं आणि तासाभरात टीबीचा निकाल देतं, ते गोव्याच्या मोलबायो कंपनीचं. त्याच यंत्रावर चालणारी एचपीव्हीची चाचणी त्यांनी केली आहे. पुण्याच्या मायलॅबनेही वेगळी चाचणी केली आहे. दिल्लीचं एम्स, आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नोएडा आणि मुंबईच्या संस्था यांनी या देशी चाचण्या पडताळून पाहिल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये निकाल जाहीर झाले. म्हणजे अभ्यास धाराशिवचा, यंत्र गोव्याचं, दुसरा पर्याय पुण्याचा. तरीही धाराशिवची बाई थांबलेलीच. यंत्र टीबी विभागाचं आहे, त्याला हात लावता येणार नाही, हे उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय. विभागांच्या हद्दी आपणच आखल्या आहेत, आपल्याला ओलांडता येतील. टेक्निशियनची पदं रिकामी आहेत ही अडचण मात्र खरी आहे. ती भरल्याशिवाय यंत्रावर दुसरा बोजा टाकू नये, नाहीतर टीबीही मागे पडेल आणि हेही.

आता ज्या कारणासाठी मी मुळात लिहायला बसले ते. आमच्या भागात, आणि शेजारच्या बीडमध्ये त्याहून जास्त, बाया पिशवी काढून घेतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी आधीच्या दहा वर्षांत काढलेली निघाली. खाडा पडला की पैसे कापले जातात, आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही, पाळीत उसाच्या फडावर सोय नाही, ही कारणं आहेतच आणि त्यांच्यावर बरंच लिहून झालं आहे. पण त्या खोलीत नेमकं काय बोललं जातं ते ऐका. बाई अंगावरून पांढरं जातं किंवा ओटीपोटात दुखतं म्हणून खासगी दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते. ‘पिशवीला सूज आहे, पिशवीच्या तोंडाला जखम आहे, ठेवली तर कॅन्सर होईल.’ त्या शब्दापुढे नवरा, सासू, मुकादम सगळे गप्प. पैसे व्याजाने उभे राहतात. पस्तिशीची बाई टेबलावर. अंडाशयंही त्यातच गेली तर हाडं ठिसूळ होणं, अंगाची आग होणं, हृदयाचे आजार, हे सगळं वेळेच्या बरंच आधी दारात.

या बाईच्या हातात एचपीव्हीचा ‘विषाणू नाही’ असा सरकारी कागद असता तर? डॉक्टरला गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची भीती घालताना दहादा विचार करावा लागला असता. वर्षाला लाखात ३.७. हा कागद गर्भाशयाच्या आतल्या भागाच्या किंवा अंडाशयाच्या कॅन्सरबद्दल काही सांगत नाही, पाळी गेल्यावर परत अंगावर जायला लागलं तर कागद असो नसो तपासून घ्यायलाच हवं. पण पस्तिशीत, पांढरं जातं एवढ्यावरून, पिशवी काढायला निघालेल्या बाईला तो अडवू शकतो. ही तपासणी जिवाइतकीच पिशवीही वाचवेल असं मला वाटतं, आणि हे कोणी आपल्याला सांगितलेलं दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२३ मध्ये बिनगरजेच्या अशा शस्त्रक्रियांवर सगळ्या राज्यांना बजावलं आहे. बजावण्याने थोडं होतं. बाईच्या हातात कागद असला तर जास्त होईल.

लशीबद्दल दोन ओळी, कारण हल्ली एचपीव्ही म्हटलं की सगळे लशीवरच येतात. त्यातही आमच्या भागाचा वाटा आहे. २००९ मध्ये देशात बार्शी आणि पुण्यासह अनेक ठिकाणी मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात ते पाहणारा अभ्यास सुरू झाला. आंध्र आणि गुजरातमधल्या याच लशीच्या एका वेगळ्याच प्रकल्पावरून गदारोळ झाला आणि सरकारने एप्रिल २०१० मध्ये या अभ्यासातलं लसीकरणही थांबवलं. त्यामुळे ४,९४९ मुलींना एकच डोस मिळाला. अपघाताने. दहा वर्षं त्यांच्याकडे पाहिल्यावर कळलं की एचपीव्हीच्या १६ आणि १८ या मुख्य प्रकारांनी ठाण मांडण्यापासून एका डोसनेही ९५ टक्के बचाव होतो, तीन डोसांइतकाच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसला मान्यता दिली त्यामागे या मुली आहेत. लस मुलींना जरूर द्या, नऊ ते चौदा या वयात द्या. पण तिचा उपयोग त्या मुलींना पुढे वीस-तीस वर्षांनी दिसणार. आज त्यांना हात धरून लसीला घेऊन येणाऱ्या आईला लशीचा फारसा उपयोग नाही. तिला तपासणीच हवी, आणि लस टोचून झाली की त्याच दिवशी तिच्या हातात ब्रश द्यायला काय हरकत आहे?

मागण्या फार नाहीत. धाराशिव जिल्ह्यातली आणि बार्शी तालुक्यातली ग्रामीण रुग्णालयं घ्या, ३५ आणि ४५ वर्षांच्या बायांपासून सुरू करा. नमुना आशाताईंमार्फत घरी. विषाणू निघालेल्या बाईचा उपचार तालुक्यालाच व्हावा, बार्शीला किंवा सोलापूरला चिठ्ठी देऊन पाठवलं की निम्म्या वाटेत गळतात. एसटीचं भाडं, रोजगार बुडणं आणि सोबत यायला कोणी नसणं. आकडेवारी मागाल तेव्हा ‘किती जणींची तपासणी’ हा रकाना दुसरा ठेवा, ‘विषाणू निघालेल्यांपैकी किती जणींचा उपचार पूर्ण’ हा पहिला. नाहीतर शिबिरं होतील, फोटो येतील. फिरत्या कॅन्सर तपासणी गाड्यांचं असंच होऊ नये अशी माझी इच्छा आहे.

आणि वेळापत्रक मार्च अखेरचं उद्दिष्ट गाठायचं म्हणून लावू नका. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांना निघतात. त्या फडांवर असताना गावात तपासणी लावली तर म्हाताऱ्या आणि पोरंच भेटतील. पट्टा पडून, म्हणजे गाळप संपून, कोयते म्हणजे ऊसतोड जोड्या परतल्या की मे ते सप्टेंबर हे महिने मिळतात. त्यातही पेरणीचे दिवस सोडून. ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्या बाया वर्षातून एवढ्याच काळात घरी असतात.

दोन्ही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना विनंती आहे की आपल्या जिल्ह्यात किती ट्रूनॅट यंत्रं चालू आहेत, त्यांपैकी किती ठिकाणी टेक्निशियन आहे आणि एचपीव्हीच्या चाचणीसाठी यंत्रात लागणाऱ्या चिपची मागणी वर पाठवली आहे का, याचं उत्तर लेखी आणि मराठीत द्यावं. ग्रामपंचायतींच्या फलकावर लावलं तरी चालेल, आम्ही वाचू.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका
कळंब, जि. धाराशिव